ताज्या फळाभाज्यांचा रस : काय मिळते, किती प्यावा, आणि परसातल्या कोणत्या फळांचा काढू नये

कुळागर

मार्च लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कलिंगडे, अननस, पपया यांचे ढीग दिसू लागतात आणि रसाची यंत्रे माळ्यावरून खाली येतात. रसाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणाला सकाळचा पेलाभर रस म्हणजे सगळ्या दुखण्यांवर उतारा वाटतो, कुणाला ते नुसते साखरपाणी वाटते. खरे काय ते फळ कोणते, पेला केवढा आणि पिणारा कोण यावर ठरते. म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, आकड्यांसकट घातली तर फार बरे.

सुरुवात चोथ्यापासून करतो, कारण रस काढताना आपण टाकतो तो चोथाच. मध्यम आकाराची तीन संत्री सोलून खाल्ली तर ७ ते ९ ग्रॅम तंतू पोटात जातात. त्याच तीन संत्र्यांचा २०० मिली रस काढून गाळला तर तंतू १ ग्रॅमही उरत नाहीत. साखर मात्र सुमारे १७ ग्रॅम, म्हणजे चार चमचे, रसात उतरते. तीन संत्री खायला दहा मिनिटे लागतात, रस अर्ध्या मिनिटात संपतो. साखर रक्तात झपाट्याने चढते आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत रसातली साखर 'मुक्त साखरे'त, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या रांगेत, धरली आहे, अख्ख्या फळातली धरलेली नाही. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्याने मुक्त साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्यतो २५ च्या आत, असे त्या सूचना सांगतात. अर्धा लिटर संत्र्याचा रस प्यायला की दिवसाचा वाटा जवळपास संपलाच.

आता जमेची बाजू. गाजरातले बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते) जाड पेशीभित्तींच्या आत अडकलेले असते. कच्चे गाजर चावून खाल्ले तर त्यातले थोडेच अंगी लागते. रस काढताना भित्ती फुटतात आणि ते मोकळे होते. पण ते स्निग्धात विरघळते, म्हणून गाजराच्या पेल्यात दोन चमचे नारळाचे दूध घालावे किंवा रस जेवणासोबत घ्यावा. उपाशीपोटी नुसता गाजराचा रस पिण्यात हा फायदा बराचसा वाया जातो.

मला पटलेले प्रमाण असे : तीन भाग भाजी, एक भाग फळ, पेला १५० मिलीचा, दिवसातून एकदा, जेवणासोबत. साखर घालायची नाही.

पाटोपणजी

चांगला विषय घेतलात, कुळागरबाब. यंत्रांचे मी लिहितो.

घरात तीन प्रकार दिसतात. पहिला जाळीवर किसून गरगर फिरवणारा, मिनिटाला हजारो फेरे घेणारा. गाजर, बीट, सफरचंद यांना तो उत्तम, रस मिनिटभरात हाती येतो. पण फेस फार येतो आणि पालक, पुदिना, कोथिंबीर तशीच ओली चोथ्यात जाते. दुसरा स्क्रूने चिरडणारा, म्हणजे स्लो ज्युसर. त्याचे फेरे मिनिटाला ४० ते १०० च्या आसपास, पानांचा रस पुष्कळ निघतो, चोथा कोरडा पडतो. तिसरा आपला मिक्सर.

'स्लो ज्युसरमध्ये जीवनसत्त्वे टिकतात, वेगवान यंत्रात जळून जातात' ही जाहिरातीतली भाषा आहे. एका मिनिटात रस तेवढा तापत नाही. यंत्रायंत्रांतल्या फरकापेक्षा रस काढून किती वेळ ठेवला याचा फरक जास्त पडतो. कच्च्या रसातल्या 'जिवंत एन्झाइम'च्या दाव्याचेही तसेच. ती प्रथिने असतात, जठरातल्या आम्लात इतर प्रथिनांसारखीच पचून जातात.

स्लो ज्युसर अडकण्याची कारणे बहुतेक वेळा हीच :

पिकलेली पपई, केळे, चिकू, आंबा यांत घातला की जाळी लिंपली जाते आणि गर वरून उलटा येतो. ही फळे मिक्सरचीच.

आले, गवती चहा, अननसाचा मधला दांडा यांचे लांब धागे स्क्रूला गुंडाळतात. आडवे, दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत.

आवळ्याची बी किंवा जांभळाची बी आत गेली तर स्क्रूला तडा जातो. बी काढल्याशिवाय घालू नका.

क्रम असा ठेवा : आधी मऊ फळ, मग पाने गुंडाळून, शेवटी गाजर किंवा बीट. कडक भाजी मागे राहिलेल्या पानांना पुढे ढकलते. संपल्यावर यंत्र चालू असतानाच अर्धा पेला पाणी ओता, जाळी निम्मी धुऊन निघते. उरलेली लगेच ब्रशने घासा. चोथा वाळला की भोके बुजतात आणि पुढच्या वेळी रस चोथ्यातून बाहेर येऊ लागतो. बुजलीच तर रात्रभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायची.

आणि सलग किती मिनिटे चालवायचे ते यंत्राच्या तळाला लिहिलेले असते. ते वाचा. मोटर जळते ती बहुधा पाहुणे आल्यावर.

तळावली

मिक्सरवर करायचे तर प्रमाण काय? आणि गाळायचे की नाही?

पाटोपणजी

२०० ग्रॅम गाजर, १५० मिली गार पाणी, गाजराचे तुकडे बोटाच्या पेरापेक्षा लहान. आधी पाणी अर्धेच घालून २० सेकंद, मग उरलेले घालून आणखी २० सेकंद. सगळे पाणी एकदम घातले तर तुकडे पात्यावर नाचत राहतात, बारीक होत नाहीत. गाळायचेच असेल तर मलमलीच्या ओल्या फडक्यातून. पण न गाळता प्यायला जमत असेल तर गाळू नकाच, कुळागरबाबांनी सांगितलेले तंतू तिथेच राहतात.

अननस किंवा पपई दुधात फिरवून ठेवू नये. अननसातले ब्रोमेलेन आणि पपईतले पपेन दुधातली प्रथिने तोडतात, पंधरा-वीस मिनिटांत कडवटपणा येतो. दूध नासके होते असे वाटते, प्रत्यक्षात दोष फळातल्या एन्झाइमचा.

पथ्यापथ्य

मी या धाग्यात वर्ज्य गोष्टी लिहितो, आणि ठळकपणे लिहितो, कारण गोव्यात बिंबलांचे (बिलिंबी) आणि करमलांचे (स्टार फ्रूट) झाड जवळपास प्रत्येक वाड्यावर आहे.

बिंबलांचा रस पिऊ नका. कोलेस्टेरॉल उतरते, साखर उतरते म्हणून हा उपाय तोंडोतोंडी फिरतो. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. घट्ट रस पोटात गेला की ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतात आणि मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. केरळमधल्या अशा १० रुग्णांची नोंद २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांतल्या ७ जणांना डायलिसिस लागले. पेडव्यांच्या हुमणात (माशांच्या आमटीत) चार बिंबले टाकणे आणि पेलाभर रस पिणे यांत फार मोठे अंतर आहे. हुमण खा, रस नको.

करमल त्याच कुळातले. त्यात ऑक्झॅलेट आहेच, शिवाय कॅरॅम्बॉक्सिन नावाचे मेंदूवर परिणाम करणारे विष आहे. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मूत्रपिंड अशक्त असेल तर ते रक्तात साचते. पहिली खूण म्हणजे न थांबणारी उचकी, मग उलट्या, भ्रम, आकडी. डायलिसिसवर असलेल्या माणसाला एखादे फळसुद्धा धोक्याचे ठरू शकते. मूत्रपिंड धडधाकट असलेल्यांनीही करमलांचा रस उपाशीपोटी, उन्हातून आल्यावर, तांब्याभर पिऊ नये. शरीरात पाणी कमी असते तेव्हा स्फटिक लवकर धरतात.

दुधीचा रस. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. शिजवूनही ती जात नाहीत. पाण्याचा ताण आणि कडक ऊन सोसलेल्या वेलावर कडूपणा वाढतो, आणि बाहेरून दुधी नेहमीसारखाच दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा सल्ला साधा आहे : रस काढण्याआधी दुधीचा लहान तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी टाका, आणि त्याच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नका. मिसळू नका याला कारण आहे. आले, आवळा, पुदिना घातला की कडूपणा झाकला जातो आणि माणूस पेला संपवतो. त्यानंतर पोटात कळा, जोरदार उलट्या, जुलाब, कधी उलटीत रक्त, रक्तदाब कोसळणे. यावर उतारा असे औषध नाही. १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचे, घरी लिंबूपाणी देत बसायचे नाही. तवसें (मोठी काकडी), दोडका, कोहळा यांनाही चाखण्याचा हाच नियम.

ज्यांना मुतखडा होऊन गेला आहे त्यांनी कच्च्या पालकाचा, तांबड्या भाजीचा आणि बिटाचा रस टाळावा, तिन्हींत ऑक्झॅलेट जास्त. पालक उकळून पाणी फेकले की बराचसा निघून जातो, कच्च्या रसात सगळा पोटात जातो.



आगशीकर

बीट वाईट म्हणता, पण रक्तदाबासाठी तर बिटाचा रस सांगतात. मग?

पथ्यापथ्य

मुतखडा नसेल तर बीट चांगलेच. बिटातल्या नायट्रेटचे तोंडातल्या जिवाणूंमुळे नायट्राइट होते, पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड, आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. लंडनमध्ये रक्तदाबाच्या ६४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोज २५० मिली बिटाचा रस, चार आठवडे. वरचा दाब सरासरी ७ ते ८ अंकांनी उतरला. रस थांबवल्यावर दाब पुन्हा पूर्वपदावर गेला, हेही त्यात आहे. म्हणून गोळी बंद करू नका.

जंतुनाशक माउथवॉश वापरत असाल तर तोंडातले ते जिवाणू मरतात आणि रसाचा उपयोग घटतो. लघवी तांबडी झाली तर घाबरू नका, काहींना बिटाने तसे होते.

औषधांचे आणखी थोडक्यात. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्यांनी हिरव्या पानांचा रस अचानक सुरू किंवा बंद करू नये, जीवनसत्त्व 'के'मुळे रक्त पातळ राहण्याचे गणित बदलते. मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी, शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी गोळी असेल तर शहाळ्याचे पाणी आणि फळांचे रस डॉक्टरांना विचारूनच, त्यांत पोटॅशियम बरेच. कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन किंवा सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर पपनस टाळलेले बरे.

तळावली

मधुमेहींनी रस पूर्ण वर्ज्य समजायचा का?

पथ्यापथ्य

रोजच्यासाठी हो, फळांचा रस नको. अमेरिकेतल्या तीन मोठ्या गटांवरचा अभ्यास २०१३ साली आला. अख्खी फळे, विशेषतः द्राक्षे, सफरचंदे, ब्लूबेरी, खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी, आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त दिसले. तवसें, टोमॅटो, पुदिना, लिंबू असा पेला चालतो, तो बहुतेक पाणीच असतो.

पण एका प्रसंगी फळांचा रसच औषध. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले, घाम फुटला, तर १५० मिली फळांचा रस लगेच. त्यात साधारण १५ ग्रॅम साखर जाते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढाच परत. इथे गर किंवा दूध नको, त्याने साखर चढायला उशीर होतो. जे मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या घेतात त्यांच्या घरी मात्र ग्लुकोजची पूड हवी. ती औषधे उसाची साखर तोडू देत नाहीत, त्यामुळे रसाचा गुण वेळेवर येत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये.

रायवळकाजू

संत्री, सफरचंदे बाहेरून येतात. आपल्या डोंगरावर मार्च-एप्रिलमध्ये बोंडवांचा (काजूच्या फळांचा) खच पडतो त्यावरही कुणी लिहावे म्हणून थांबलो होतो. मीच लिहितो.

काजूच्या बोंडूत १०० ग्रॅमला 'क' जीवनसत्त्व साधारण २०० मिलिग्रॅम, संत्र्याच्या कितीतरी पट. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८०, बाईची ६५. म्हणजे पाऊण कप रस पुरून उरतो. अडचण तुरटपणाची. टॅनिनमुळे घसा धरतो आणि ज्याला सवय नाही तो पहिल्या घोटात नाक मुरडतो.

कृती. सकाळी पडलेले, न फुटलेले, घट्ट बोंडू घ्या. बी पिळून वेगळी करा, बीची साल फोडू नका. त्या सालीतले तेल कातडी भाजते आणि रसात उतरले तर ओठ सोलतात. बोंडू वाहत्या पाण्यात धुऊन वरचा आणि खालचा टोकाचा भाग काढा. सुरी स्टेनलेस स्टीलची हवी, लोखंडी पातीवर टॅनिन लागले की रस काळा पडतो. चिरडून फडक्यातून गाळा. एक किलो बोंडूंतून ६०० ते ७०० मिली रस मिळतो.

तुरटपणा काढायला साबुदाणा. लिटरला ५ ग्रॅम साबुदाण्याचे पीठ थोड्या पाण्यात शिजवून पारदर्शक खळ करा, गार करा, रसात ढवळा आणि बाटली फ्रिजमध्ये १२ तास हलवू नका. स्टार्च टॅनिनला धरून तळाशी बसतो. वरचा निवळ रस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. खळ गरम असताना घातली तर रस शिजकट लागतो. गाळ ढवळला गेला तर तुरटपणा परत येतो, म्हणून शेवटचा दोन बोटे रस सोडून द्या.

गावात निरो पितात तो वेगळा. बोंडू मळून चोथ्याचा ढीग बांधतात, वर दगड ठेवतात आणि रात्रभर जो थेंबथेंब ठिबकतो तो निरो. सकाळी लवकर गोड असतो. बोंडूच्या सालीवरचे यीस्ट आपल्या हवेत थांबत नाही, दुपारपर्यंत फसफसतो. मुलांना द्यायचा तर सकाळचाच.

अंगावर सांडू देऊ नका, बोंडवाचा डाग जात नाही.

कुळागर

रायवळबाब, हे फार उपयोगी. 'क' जीवनसत्त्वावरून एक जोडतो. या रसांचा आपल्याकडे सर्वांत मोठा उपयोग लोहासाठी आहे असे माझे मत. तांबडी भाजी, नाचणी, चवळी यांतले लोह अंगी लागायला अवघड. त्याच जेवणात २५ ते ५० मिलिग्रॅम 'क' मिळाले की शोषण दुपटीहून वाढू शकते. दोन आवळे बी काढून १५० मिली पाण्यात फिरवा, चिमूट मीठ, आणि दुपारच्या पानाशेजारी ठेवा. सकाळी उपाशीपोटी पिऊन दुपारी तांबडी भाजी खाल्ली तर हा मेळ बसत नाही. चहा जेवणापासून तासभर लांब.

आंबट रसानंतर लगेच दात घासू नका, अर्धा तास जाऊ द्या. आम्लाने दातांचे कवच तेवढ्यापुरते मऊ झालेले असते. नुसती चूळ भरा.

आगशीकर

भिरंडांचे (कोकमाचे) सरबत यात बसते का?

रायवळकाजू

बाजारी पाकातले नाही. ३० मिली पाकात २० ते २५ ग्रॅम साखर असते. आगळात (मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसात) मीठ भरपूर, म्हणून रक्तदाबवाल्यांनी जपून. सुकी बिनमिठाची सोले (कोकमे) आठ-दहा, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा तास, मग कुस्करून गाळा. रंग, आंबटपणा सगळे येते. तांब्याच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका, आम्लाने धातू उतरतो.

पाटोपणजी

धुण्याचे आणि ठेवण्याचे राहिले. रस कच्चा असतो, सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. १९९६ साली अमेरिकेत सफरचंदाच्या न तापवलेल्या रसातून ई. कोलायची मोठी साथ पसरली, तेव्हापासून हा धोका सगळ्यांनी गंभीरपणे घेतला. कलिंगड, अननससुद्धा चिरण्याआधी ब्रशने धुवा. सफरचंद, द्राक्षे, काकडी यांना लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, १२ ते १५ मिनिटे, मग वाहते पाणी. सालीवरची कीटकनाशके यात बरीच निघतात, आत मुरलेली निघत नाहीत. पाने तीन पाण्यांतून काढायची.

रस लगेच प्यावा. ठेवायचाच तर काचेची बाटली काठोकाठ भरून, लिंबू पिळून, फ्रिजमध्ये, २४ तासांच्या आत. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत हवा, आणि हवेने रंग काळवंडतो, 'क' जीवनसत्त्व घटते. एप्रिलच्या दमटीत ओट्यावर दोन तास राहिलेला रस टाकून द्या. गरोदर बायका, म्हातारी माणसे, लहान मुले यांना रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस नको, बर्फ कोणत्या पाण्याचा ते दिसत नाही.

वर्षाखालच्या बाळाला रस अजिबात नको. तीन वर्षांपर्यंत दिवसाला १२० मिलीच्या आत, तोही कपातून. बाटलीतून चोखत राहिले की दात किडतात.

तळावली

चोथा फेकवत नाही. गाजराचा थालिपिठात जातो, पण तवशाच्या चोथ्याचे काय करायचे?

कुळागर

तवसळी (तवशाचा वाफवलेला गोड केक) करा, ताई. फक्त चोथ्यात पाणी नसते, त्यामुळे नेहमीच्या मापाने केली तर दगड होते. दोन वाट्या चोथ्याला एक वाटी भाजलेला जाड रवा, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूट मीठ आणि एक वाटी नारळाचे पातळ दूध. रवा फुगायला २० मिनिटे झाकून ठेवा. तेवढ्यात मिश्रण घट्ट वाटले तर आणखी पाव वाटी दूध. हळदीच्या पानावर थापून २५ मिनिटे वाफवा. तवसें आधी चाखलेले असावे, कडू असेल तर चोथाही कडूच.